जुनी परफॉर्मन्स कूपे: आरएस५, एम४ की सी४३? (वापर मराठवाड्यात)

मोसंबी_जालना
मंडळी, दोन दारांची, दणकट इंजिनाची जुनी गाडी घ्यायची हे घरात मंजूर झालंय. समोर तीन आहेत.

ऑडी आरएस५, २०१४, ४.२ लिटर व्ही८ (आठ सिलिंडर), दिल्ली पासिंग, ४६,००० किमी.
बीएमडब्ल्यू एम४, २०१५, तेलंगणा पासिंग, ३१,००० किमी.
मर्सिडीज-एएमजी सी४३ कूपे, २०१९, पुणे पासिंग, ३८,००० किमी.

किमतीत फरक आहे, तो पेलेल. खरेदीनंतर किती जातात ते कळत नाही. रविवारी समृद्धी, महिन्यातून एकदा पुणे आणि गावाकडे शेतापर्यंत ४ किमी कच्चा रस्ता, असा वापर. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये राहील. कुठली घ्यावी, आणि बघायला जाताना काय काय तपासावं?

व्ही८_वेडा
आरएस५. विषय संपला. टर्बो नाही, ८,२५० आरपीएमला ४५० पीएस. आता ऑडी असलं इंजिन पुन्हा काढणार नाही.

वाळूज_पान्हा
वेडा भाऊंचा विषय संपला असेल, मालकाचा आता सुरू होतो.

मोसंबी दादा, पहिली गोष्ट. गाडीची किंमत निम्म्याखाली येते, पार्टची येत नाही. कोटीच्या गाडीचा हेडलाइट कोटीच्या गाडीच्याच भावाने मिळतो. म्हणून खरेदीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ती नसेल तर गाडी एक पायरी खालची घ्या. आता एकेक बघू.

आरएस५ चं इंजिन मुळात टिकाऊ. दुखणं वेगळं आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने कधी धुतलीच जात नाही. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ तिथे बसते, जळते आणि काजळीचा थर धरतो. लक्षणं म्हणजे सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरतं, आणि ६,००० च्या वर ओढ मिळत नाही. ओढ वरच नसेल तर त्या इंजिनात पैसे कशाचे दिले? इलाज म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीचा मारा. बाटलीतलं कुठलंही औषध पेट्रोलच्या टाकीत ओतून हा थर निघत नाही, कारण पेट्रोल तिथे पोचतच नाही. ४६,००० वर हे काम झालेलं नसेल तर करावं लागेल असं धरूनच भाव करा. मॅनिफोल्ड उतरवलाच आहे तर गॅस्केट नवे टाका, जुने परत बसवू देऊ नका.

गिअरबॉक्स ७ स्पीड एस-ट्रॉनिक, ओल्या क्लचचा. त्यात तेलं दोन आहेत. क्लच आणि मेकॅट्रॉनिकचं (गिअर आपोआप बदलणाऱ्या भागाचं) वेगळं, गिअरचं वेगळं. क्लचकडचं तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचं असतं. ही गाडी ४६,००० वर असली तरी वय बघा आणि लगेच बदला. चाचणीत सिग्नलवरून अगदी हळू, १०-१५ च्या वेगाने, चढावर आणि रिव्हर्समध्ये चालवून बघा. झटका किंवा थरथर तिथेच सापडते. १०० च्या वर सगळे गिअरबॉक्स गुळगुळीतच वाटतात.

सस्पेन्शन डीआरसीचं आहे का ते विचारा. त्यात समोरचा डावा डॅम्पर मागच्या उजव्याशी आणि समोरचा उजवा मागच्या डाव्याशी तेलाच्या नळीने जोडलेला असतो. एका ठिकाणी गळती लागली की जोडीच गेली. पुन्हा तेल भरायला दाबाचं खास यंत्र लागतं, ते साध्या गॅरेजात नसतं. डॅम्परवर तेलाचा ओलसर पट्टा आणि खडबडीत रस्त्यावर खडखड दिसली की पूर्ण सेटचा खर्च किमतीतून वजा करा. कित्येक मालक डीआरसी काढून साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्परचा एकत्र सेट) बसवतात. आपल्या रस्त्यांना तेच बरं.

एम४ बद्दल उद्या लिहितो, गिऱ्हाईक उभं आहे.

उदगीरकर
पान्हा साहेब इंजिनाचं सांगायलेत, मी पोटाचं सांगतो.

रस्त्यावरच्या गतिरोधकाचं मानक आयआरसीने (इंडियन रोड्स काँग्रेस) ठरवून दिलंय. १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे लांब उताराचा. आपल्याकडे गावकरी रात्रीतून जो टाकतात तो उंचीला तेवढाच किंवा जास्त आणि रुंदीला हातभर. या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १२० मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. दोन माणसं, भरलेली टाकी आणि डिकीत सामान टाकलं की त्यातलाही कमी होतो. समोरचा ओठ वाचला तरी दोन चाकांच्या मधलं पोट टेकतं.

ओलांडायचं तंत्र असं. जवळजवळ थांबा, तिरपी घ्या, एका वेळी एकच चाक चढवा. ब्रेक दाबलेला असताना चढू नका, कारण ब्रेकने नाक खाली येतं. चढण्याआधी ब्रेक सोडायचा म्हणजे नाक उठतं. मागून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन हॉर्न मारत असला तरी घाई करायची नाही.

शेताचा ४ किमी रस्ता मात्र विसरा, दादा. पावसाळ्यात तर नावच काढू नका. कोरड्यात बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा पोटाला लागतो. एम४ ला ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, मॅग्नेशियमचं आहे. हलकं, पण दगड बसला की वाकत नाही, तडकतं. शेतात जायला बोलेरो ठेवा.

मोसंबी_जालना
बोलेरो आहेच. शेताचा मुद्दा मान्य, रद्द.

काळी_माती
कच्च्या रस्त्यावर गेलीच तर एक बारीक गोष्ट. आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला गोळा होऊन वाळते. ९०-१०० ला स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि लोक बॅलन्सिंग, अलाइनमेंट, बुश असं करत हजारो घालवतात. आधी चाकाच्या आत हात घालून माती खरवडा. लोखंडी नाही, प्लास्टिकची पट्टी घ्या, आणि चिकटवलेली वजनं निघणार नाहीत एवढं बघा.

दुसरं म्हणजे उष्णता. परभणी-नांदेडला उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातोच. या गाड्यांना समोर एकामागे एक तीन-चार जाळ्या असतात. एसी कंडेन्सर, टर्बोवाल्यांना टर्बोची हवा गार करणाऱ्या चार्ज कूलरचा रेडिएटर, इंजिनाचा रेडिएटर, शिवाय बाजूला ऑइल कूलर. दिवाळीपासून पुढे कापसाच्या उघड्या गाड्या रस्त्यावर असतात, तो कापूस उडतो आणि या जाळ्यांच्या मधे जाऊन बसतो. त्यावर धूळ बसली की नमदाच तयार होतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, आतली बंद असते. एसी उभ्या गाडीत गरम हवा देतो आणि चालू लागली की गार होतो, हे पहिलं लक्षण. गॅस भरून देणाऱ्याच्या नादी लागण्याआधी जाळ्यांच्या मधे टॉर्च मारून बघा. साफ करताना पाणी आतून बाहेर, इंजिनाच्या बाजूने मारायचं आणि दाब कमी ठेवायचा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप सरळ समोरून मारला की पत्र्याच्या पाकळ्या झोपतात, मग रेडिएटरच बदला.

कूलंट कंपनीने सांगितलेलंच, आणि पाणी मिसळायचं तर डिस्टिल्ड, निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी एक लिटर जरी टाकलं तरी क्षार आत बसतात. अंगावरही तेच. बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळू दिली की काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात आणि ते पॉलिशशिवाय जात नाहीत. सावलीत धुवा, लगेच पुसा.

पत्र्याच्या शेडमध्ये उंदीर येणार. बॉनेटखाली वायरिंगला उंदराने तोंड लावलं तर पूर्ण हार्नेसचा भाव ऐकून झोप उडेल. शेडच्या खालच्या फटी बारीक जाळीने बंद करा, धान्याची पोती त्या शेडमध्ये ठेवू नका. आणि धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने कव्हर हललं की ते पॉलिश पेपरचं काम करतं.

फॉर्म_अठ्ठावीस
तिन्हींपैकी दोन परराज्यातल्या आहेत, म्हणून कागदांचं आधी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. ती आणणं विकणाऱ्याचं काम, पूर्ण पैसे त्यानंतरच. एनओसी निघण्यासाठी ई-चलनं भरलेली पाहिजेत आणि कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ पाहिजे. इथे आल्यावर फॉर्म २९, ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७, चेसिस नंबरचा पेन्सिल छाप, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवणं. जालन्याचे म्हणजे तुम्हाला एमएच-२१ मिळेल.

महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो. तरी या किमतीच्या गाडीला तो लाखांत जातो. म्हणून दिल्ली-हैदराबादची गाडी स्वस्त दिसते, पण पुणे पासिंगशी तुलना करताना कर मिळवूनच करा. गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर दर जास्त आहे. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ज्याच्या नावे भरला त्याने अर्ज करायचा असतो. ते सौद्यातच लिहून घ्या.

दिल्लीची गाडी स्वस्त का, याचं उत्तर सोपं. तिथे पेट्रोल गाडीला १५ वर्षांची अट घातली होती, तेव्हापासून २०१४ च्या मालकाला २०२९ समोर दिसतंय. त्यात गाडीचा दोष नाही.

परदेशातून थेट आलेली, कार्नेवर (तात्पुरत्या बिनशुल्क परवान्यावर) किंवा राजदूताच्या सवलतीत आलेली गाडी कुणी दाखवली तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री मागा. नसेल तर फोन ठेवा. शुल्क बुडवलेली गाडी जप्त होते ती शेवटच्या मालकाकडूनच.

विमा: कलम १५७ प्रमाणे १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकासोबत जातो. आणि झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) मिळेल की नाही ते खरेदीआधी विचारा, १० वर्षांच्या गाडीला बहुतेक नाहीच. नसेल तर प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के कापतात, आणि या गाड्यांचा पुढचा अख्खा चेहरा प्लास्टिकचाच असतो.

वाळूज_पान्हा
एम४ चं राहिलं होतं.

इंजिन एस५५, तीन लिटर, दोन टर्बो, ४३१ पीएस, ५५० एनएम. जी भीती सगळीकडे ऐकाल ती क्रँक हबची. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला टायमिंग चेन आणि ऑइल पंप चालवणारं हब असतं. ते चावीने अडकवलेलं नाही, फक्त मधल्या एका बोल्टच्या दाबावर, घर्षणाने धरलेलं आहे. जोराच्या गिअर बदलात ते सरकलं की टायमिंग हुकतं. थोडं सरकलं तर इंजिन लाइट आणि मिसफायर, जास्त सरकलं तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात. साध्या, न छेडलेल्या गाडीत हे क्वचित होतं. ट्यून केलेल्या (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकातली फाइल बदललेल्या), डबल क्लचच्या गाडीत धोका वाढतो. म्हणून ३१,००० किमीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की गाडीवर ट्यून होता का? विकताना मूळ फाइल परत टाकलेली असते, ती सहज सापडत नाही. लिफ्टवर घेऊन डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप, बघा. कॅटलिटिक कन्व्हर्टरचा फुगीर भाग जागेवर नसेल, किंवा क्लॅम्प नव्याने उघडलेले दिसले तर ट्यून होता असंच समजा.

दुसरं, इंजिनावर बसलेला पाण्याचा चार्ज कूलर. तो आतून गळला तर कूलंट इनटेकमध्ये जातं. त्याची टाकी इंजिनाच्या मुख्य टाकीपेक्षा वेगळी, छोटी आहे. तिची पातळी बघा, पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सोडा.

तिसरं, २,००० किमीची पहिली सर्व्हिस. एम गाड्यांना त्या वेळी इंजिन ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलायचं असतं. नोंद नसेल तर पहिल्या मालकाने गाडी कशी पाळली त्याचा अंदाज येतो. ऑइलला डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवर, तीही इंजिन गरम असताना. वर्षाला किंवा ८-१० हजार किमीला बदला, जे आधी येईल ते. कंपनीचा लांबचा हिशेब आपल्या धुळीला धरू नका.

सी४३ सगळ्यात कमी त्रासाची. ३ लिटर व्ही६, ३९० पीएस, चारही चाकांना ताकद, एअर सस्पेन्शनची भानगड नाही. साध्या सी-क्लासशी काच, दार, स्विच, सेन्सर असे कितीतरी भाग सारखे. एक विचित्र गोष्ट आधी सांगून ठेवतो. पार्किंगमध्ये पूर्ण स्टेअरिंग फिरवून हळू चालवली की पुढची चाकं टक-टक उड्या मारतात. थंडीत, टायर गार असताना जास्त. गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरवणारे भेटतील. तो उजव्या स्टेअरिंगच्या ४मॅटिक (चारही चाकांना ताकद असलेल्या मर्सिडीज) गाड्यांच्या भूमितीचा गुण आहे, नरम रबराच्या टायरने कमी होतो.

व्ही८_वेडा
कमी त्रासाची पाहिजे असेल तर स्विफ्ट घ्यावी. सी४३ चा आवाज आणि व्ही८ चा आवाज यांत फरक आहे की नाही तेवढं सांगा.

वाळूज_पान्हा
आहे. बोगद्यात तर फार आहे. तो आवाज ऐकायला गाडी रस्त्यावर असावी लागते, स्टँडवर नाही.

शेंद्रा_शिफ्ट
यादीत नाही ती गाडी सुचवतो. ऑडी टीटी, २०१५ नंतरची. २.० टीएफएसआय, २३० पीएस, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), ६ स्पीड ओला क्लच. हसू नका.

कारण जागेचं आहे. स्कोडा संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, ऑडीची जुळणी शेंद्र्याला. ऑक्टाव्हिया आरएस आणि टीटीचं इंजिन एकाच घराण्यातलं. थर्मोस्टॅटचं प्लास्टिक घर गळतं, कॉइल जातात, कार्बन साचतो, सगळं तेच. हे दुखणं हाताखालून गेलेले मिस्त्री आपल्याकडे शोधावे लागत नाहीत. एम४ उघडलेला माणूस मात्र पुण्या-मुंबईलाच शोधावा लागेल. टीटीला दोन गोष्टी नेमाने करायच्या: गिअरबॉक्सचं तेल-फिल्टर ६०,००० ला, आणि मागच्या हॅल्डेक्स क्लचचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाचं, तेल. हॅल्डेक्सच्या पंपाची बारीक जाळी तेल बदलताना मुद्दाम काढून साफ करायला सांगा. लोक तेल बदलतात आणि जाळी तशीच ठेवतात. मग पंप जळतो, आणि डॅशबोर्डवर काही न दाखवता गाडी गुपचूप पुढच्या चाकांची होऊन बसते.

२०१० साली एका दमात १५० मर्सिडीज घेणारं शहर आपलं संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद). गाड्यांची हौस कमी नाही, ठरावीक गाड्यांचे हात कमी आहेत एवढंच. घेण्याआधी हात बघा. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं, जालन्याला संभाजीनगर आणि पुणे.

साखरपट्टा
पेट्रोलबद्दल कुणी बोललं नाही. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, बहुतेकांना ९८ ऑक्टेन. साध्या पेट्रोलवर गाडी लगेच बिघडत नाही, नॉक सेन्सर इग्निशन मागे घेतो. ताकद कमी, उष्णता जास्त. ४३ डिग्रीत समृद्धीवर जोरात चालवताना हे नको. शहरात ९५ चं मिळतं तिथेच भरा. शंभर ऑक्टेनचं पुण्या-मुंबईला ठरावीक पंपांवर मिळतं, पुण्याची फेरी असेल तेव्हा टाकी तिथूनच फुल करून या.

ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) म्हणाल तर आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, शिव्या कुणाला देणार? २०१४-१५ च्या युरोपियन गाड्या ई१० गृहीत धरून बनल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणून २० टक्क्यांना ६-७ टक्के मायलेज जातं. ते सोडा, एम४ घेणाऱ्याने मायलेज विचारू नये. खरं दुखणं उभ्या गाडीचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा म्हणजे आत दमट हवाच कमी. जुने रबरी पाइप आणि टाकीतला पंप सर्व्हिसला बघायला सांगा, पेट्रोलचा वास आला की त्याच दिवशी.

उदगीरकर
समृद्धी म्हणालात म्हणून टायर. पूर्ण काँक्रीट, उन्हात तापलेलं, सरळ आणि तासन्‌तास एकच वेग. कारची मर्यादा १२० आहे, या गाड्या ती सहज ओलांडू शकतात, म्हणून क्रूझ कंट्रोल लावून टाका. टायरवर डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीला नक्षी भरपूर दिसते आणि रबर सहा-सात वर्षांचं असतं. कडेला केसासारख्या भेगा दिसल्या की बदला. कायद्याची हद्द १.६ मिमी नक्षीची, या रुंद टायरना ३ मिमीलाच बदललेले बरे.

हवा सकाळी, गाडी गार असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलीय तेवढी. ५-६ डिग्रीला साधारण १ पीएसआय वाढते. दुपारी थांबून वाढलेली हवा काढणारे महाभाग असतात. संध्याकाळी गार झाल्यावर तीच कमी पडते, टायरची कड वाकते, तापते आणि फुटते. कमी हवा जास्त हवेपेक्षा वाईट.

एम४ ला मागे २७५/३५ आर१९, पुढे २५५/३५. पुढचे-मागचे वेगळे म्हणजे अदलाबदल नाही. चांगल्या कंपनीचे चार घेतले की लाखाच्या पुढेच. स्टेपनी नाही, फक्त फेस आणि पंप. कडेला चीर पडली तर तो फेस कामाचा नाही, फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक).

मोसंबी_जालना
सी४३ आणि आरएस५ बघून आलो. एम४ सोडली, डाउनपाइपचे क्लॅम्प चकचकीत होते. आरएस५ चे आकडे टाकतो. दोन चाव्या आहेत. स्कॅनमध्ये एकही फॉल्ट नाही, पण रेडिनेसमध्ये, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांच्या यादीत, चार गोष्टी ‘अपूर्ण’ दाखवतंय. रंगाची जाडी सगळीकडे ११० ते १४० मायक्रॉन, डावा मागचा पॅनल ३१०. मागच्या उजव्या डॅम्परवर ओल. सी४३ ला स्कॅन स्वच्छ, रेडिनेस पूर्ण, रंग ९५ ते १३०, पण चारही टायर २०१९ चे.

वाळूज_पान्हा
रेडिनेस अपूर्ण म्हणजे तुम्ही पोचण्याच्या थोडं आधी फॉल्ट पुसलेत, नाहीतर बॅटरी काढली होती. विकणाऱ्याला म्हणा, गाडी ८०-१०० किमी शहरात आणि हायवेवर मिसळून चालवू आणि मग पुन्हा स्कॅन करू. तयार नसेल तर उत्तर मिळालं. पुन्हा निघालेल्या फॉल्टच्या फ्रीझ फ्रेममध्ये (फॉल्ट आला त्या क्षणाच्या नोंदीत) किमीचा आकडा असतो, तो मीटरशी जुळतो का तेही बघा. गिअरबॉक्स आणि एबीएसच्या मॉड्यूलमधलेही.

३१० मायक्रॉन म्हणजे दुसरा रंग, खाली थोडी लांबी (पुट्टी) असू शकते. ५०० च्या वर असतं तर पत्रा ठोकलाय असं म्हणालो असतो. मागचा पॅनल बोल्टचा नसतो, वेल्डचा असतो. डिकीचं कार्पेट उचलून आतून सीलंटची रेघ दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. कंपनीची रेघ मशीनची, सरळ असते. त्याच वेळी स्पेअरच्या खड्ड्यात चिखल-गंज, आणि पुढचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून डाग बघा. पुरातली गाडी तिथे सापडते.

ओल आहे म्हणजे डीआरसी गेलं. भावातून पूर्ण सेट काढा.

काळी_माती
दोन्ही कूपेंना लागू: बिनचौकटीच्या काचा. दार उघडताना काच थोडी खाली येते, लागल्यावर वर जाते. ती नीट बसत नसेल तर १०० ला शिट्टी आणि आत आपली धूळ. दार लावून काचेच्या कडेत नोट धरा, ओढली की सहज निघाली तर रबर गेलं. बॅटरी पूर्ण उतरली तर काच खाली येत नाही. अशा वेळी दार जोरात ओढू नका, काच चौकटीच्या पट्टीत अडकून तडकते. उभ्या गाडीला मेंटेनन्स चार्जर लावा, एजीएम (बंद प्रकारच्या बॅटरीचा) मोड असलेला. या गाड्यांची बॅटरी एजीएम असते, साधी टाकू नका. बदलली की संगणकात नोंद करायला लावा, नाहीतर जुनी समजून चुकीचं चार्जिंग होतं.

आणि दार लांब आहे. संभाजीनगरच्या गुलमंडीत दोन गाड्यांच्या मधे लावली तर तुम्ही आतच.

व्ही८_वेडा
डीआरसी काढून कॉइलओव्हर, व्हॉल्व्ह साफ, तेलं नवी. एवढं किमतीतून वजा होत असेल तर अजून आरएस५ च.

फॉर्म_अठ्ठावीस
कर विसरलात. दिल्लीचं पासिंग आहे.

मोसंबी_जालना
हिशेब केला. डॅम्पर, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सचं तेल आणि कर धरून आरएस५ सी४३ च्या पुढे जाते. विकणारा १०० किमी चालवू द्यायलाही तयार नाही. सी४३ ला टोकन दिलंय, टायरचे पैसे किमतीतून उतरवले. पुण्याहून जालन्याला जुन्या टायरवर चालवत आणू की फ्लॅटबेडने?

वाळूज_पान्हा
टायर पुण्यातच बदला, अलाइनमेंट करा आणि मग चालवत आणा. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, कडेवर मर्सिडीजची एमओ खूण असलेले मिळाले तर उत्तम. ४मॅटिकला पुढे नवे, मागे जुने असं चालत नाही.

फ्लॅटबेड कधी ना कधी लागेलच, म्हणून आताच बघून ठेवा. डिकीत फरशीखाली टो हुक आहे का? जुन्या गाडीत तोच नेमका गायब असतो, आणि बाजारात लगेच मिळत नाही. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो आटे बसेपर्यंत हाताने पूर्ण फिरवायचा, अर्धवट बसवून ओढला तर आटे जातात. क्रेनने दोन चाकं उचलून न्यायची नाही, चारही चाकं वर पाहिजेत. चढवताना उताराच्या टोकाला दोन लाकडी फळ्या टाकायला सांगा, नाहीतर पुढचा ओठ पहिल्यांदा तिथेच जातो. साखळी सस्पेन्शनच्या हातांना बांधू देऊ नका, पट्टे टायरवरून घ्यायचे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक इलेक्ट्रिक आहे तो बॅटरी जिवंत असतानाच सोडून ठेवा.

मोसंबी_जालना
हुक आहे. चौकोनी झाकण मात्र बंपरवर नाही, भोक उघडंच आहे.

वाळूज_पान्हा
झाकणाला रंग मारूनच घ्यावं लागतं, प्रायमरचं येतं. त्याचे पैसे पण कापा.